बॅकअप घेताना हार्डडिस्क मध्येच गायब होते: काय तपासायचं, कुठे थांबायचं, नवी कोणती घ्यायची

एप्रिल लागला की माझ्याकडे एकच तक्रार सारखी येते. "भाऊ, हार्डडिस्क लावली की दिसून राहिली, पण कॉपी सुरू केली की मध्येच गायब." पुष्कळ जण नवी डिस्क घ्यायचं ठरवूनच आलेले असतात. तपासल्यावर त्यांतल्या बऱ्याच डिस्क धडधाकट निघतात. दोष केबलचा, पोर्टचा, उन्हाचा नाही तर घरातल्या लाईनचा असतो. आणि ज्या डिस्क खरोखर बिघडलेल्या असतात, त्यांचं मोठं नुकसान दुकानात येण्याआधीच झालेलं असतं. कोणी फॉरमॅट दाबलेलं असतं, कोणी रात्रभर दुरुस्तीचा प्रोग्राम चालवलेला असतो.

म्हणून खालचा क्रम मोडू नका. फुकटातलं आणि डेटाला धोका नसलेलं आधी, डिस्कवर काही लिहिणारं सगळ्यात शेवटी. हे सगळं विंडोजच्या कॉम्प्युटरला लावायच्या यूएसबी हार्डडिस्कबद्दल आहे.

लक्षणं

- कॉपी सुरू झाल्यावर काही मिनिटांत डिस्क दिसेनाशी होते, विंडोजचा "टुंग" आवाज येतो आणि थोड्या वेळाने ती परत उगवते.
- दिवा लागतो, पण 'धिस पीसी'मध्ये काहीच येत नाही.
- सकाळी नीट चालते, दुपारी बंद पडते.
- कॉपीचा वेग घसरत घसरत शून्यावर येतो, कॉम्प्युटर अडकून बसतो.
- 'ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करा' किंवा 'इनिशिअलाइज करा' असं विचारलं जातं.
- आतून टक-टक, खर्र किंवा बारीक शिट्टीसारखा आवाज येतो.

पहिली तीन लक्षणं असतील तर आशा बरीच असते. चौथ्याची दोन वेगवेगळी कारणं असू शकतात, ती पुढे येतील. पाचवं दिसलं की 'कॅन्सल' दाबायचं, दुसरं काही नाही. सहावं ऐकू आलं तर आधी खालचा 'इथे थांबा' हा भाग वाचा.

कशालाही हात लावण्याआधी

स्वतःला एकच विचारा: या डिस्कवर जे आहे, ते आणखी कुठे आहे का?

मोबाईल भरला म्हणून फोटो कॉम्प्युटरवर घेतले, कॉम्प्युटर भरला म्हणून ते बाहेरच्या हार्डडिस्कवर 'कट-पेस्ट' केले, असं घराघरांत झालेलं असतं. घरातले सगळे त्याला बॅकअप म्हणतात, पण तो बॅकअप नाही. फोटोंची ती एकुलती एक प्रत आहे, फक्त जागा बदललेली. असं असेल तर डिस्क दिसेल त्या क्षणी महत्त्वाचं तेवढं आधी उतरवून घ्या, तपासणी नंतर करा. सगळी डिस्क एकदम ओढू नका. एकेक फोल्डर घ्या, आणि परत न मिळणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा. सातबारा महाभूलेखवरून पुन्हा निघतो, बरीच प्रमाणपत्रं डिजिलॉकरमध्ये मिळतात, सिनेमे कुठूनही मिळतात. आजीचे फोटो, बारशाचा व्हिडिओ, वाटणीच्या जुन्या कागदांचे स्कॅन आणि मुलीच्या आवाजातलं पहिलं रेकॉर्डिंग मात्र कुठूनच मिळत नाही.

दुसरी प्रत सुरक्षित असेल तर निवांत पुढे चला.

केबल

सुरुवात नेहमी केबलपासून. पोर्टेबल हार्डडिस्कच्या केबलचं डिस्ककडचं टोक पसरट आणि दोन भागांचं असतं, त्याला यूएसबी ३ चं मायक्रो-बी म्हणतात. ही जोडणी नाजूक आहे. डिस्क दप्तरात केबलसकट गुंडाळून ठेवली की टोकाशी वाकते आणि आतली एखादी तार अर्धवट तुटते. मग होतं असं की वीज पोचते, दिवा लागतो, डेटा साठवणारी आतली चकतीही फिरते, पण डेटाच्या तारा नीट टेकत नाहीत. थोडा हलका डेटा जातो, मोठी कॉपी सुरू झाली की संपर्क तुटतो. "दिसते पण कॉपी होत नाही" याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण हेच.

ओळखीच्या कोणाकडे तशीच केबल असेल तर तासाभरासाठी मागून आणा. नसेल तर तालुक्याच्या दुकानात शे-दोनशे रुपयांत मिळते. घेताना आखूड घ्या, अर्ध्या मीटरच्या आतली. केबल जितकी लांब आणि बारीक, तितका डिस्कपर्यंत पोचताना व्होल्टेज पडतो. मोबाईल चार्जिंगची जी केबल हाताशी आहे ती टाइप-सी डिस्कला लावून बघणाऱ्यांना एक सांगणं आहे: नुसत्या चार्जिंगच्या काही केबलमध्ये डेटाच्या ताराच नसतात, आणि काहींत असल्या तरी जुन्या यूएसबी २ च्या वेगाच्या असतात. अशा केबलवर डिस्क चालली नाही किंवा रांगली, तर त्यावरून डिस्कबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

केबल खराब निघाली तर तोडून फेका. पुन्हा वायरींच्या पिशवीत गेली की पुढच्या वर्षी तीच हाताला लागते.

पोर्ट

डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे यूएसबी पोर्ट आतून एका लांब वायरने मदरबोर्डला जोडलेले असतात. मागचे पोर्ट थेट मदरबोर्डवर असतात. म्हणून तपासणी नेहमी मागच्या पोर्टवर करा, शक्यतो निळ्या, म्हणजे यूएसबी ३ च्या. नियमाप्रमाणे यूएसबी २ चा पोर्ट ५०० मिलिअँपिअरपर्यंत करंट देतो, यूएसबी ३ चा ९०० पर्यंत. आतली चकती थांबलेल्या स्थितीतून फिरायला लागते तेव्हा डिस्कला सर्वांत जास्त करंट लागतो. जुन्या काळ्या पोर्टवर तेवढा मिळाला नाही की ती फिरायला सुरुवात करते, दमते, बंद होते, परत सुरू होते. हा आवाजही टक-टक असाच येतो, म्हणून लोक घाबरतात.

एकाच पोर्टला चार तोंडं करणारा साधा हब मध्ये असेल तर काढून टाका. हब लागतच असेल तर स्वतःचा अडॅप्टर असलेला घ्या.

दिवाळीनंतर आपल्याकडे विदर्भात आणखी एक गोष्ट बघायची असते, ती म्हणजे कापसाची. वेचणी झाली, भाव पटत नाही म्हणून कापूस घरातच एका खोलीत रचलेला असतो, आणि कॉम्प्युटर शेजारच्या खोलीत. बारीक तंतू हवेत फिरतात आणि कॅबिनेटचा पंखा ते आत ओढतो. यूएसबी पोर्टमध्ये त्याचा नमदा बसतो आणि पिन पूर्ण आत जातच नाही. कॉम्प्युटर बंद करा, प्लग काढा आणि बॅटरीच्या उजेडात पोर्टमध्ये बघा. लाकडी दात-कोरण्याने हळूच तंतू बाहेर काढा. सुई, टाचणी, पकडीचं टोक अजिबात नाही, आतल्या पट्ट्या वाकल्या की पोर्ट गेला.

ऊन आणि कूलर

सकाळी चालते आणि दुपारी बंद पडते, या लक्षणाचं उत्तर बहुधा इथे असतं.

पोर्टेबल हार्डडिस्कच्या माहितीपत्रकात चालवण्याचं तापमान साधारण ५ ते ३५ अंश सेल्सिअस दिलेलं असतं. हे खोलीचं तापमान आहे, डिस्कच्या आतलं नाही. आता मे महिन्यातली अकोल्याची, चंद्रपूरची, ब्रह्मपुरीची दुपार आठवा. बाहेर ४५ च्या पुढे, आणि टिनाखालची खोली असेल तर आतही फारसा दिलासा नाही. डिस्क प्लास्टिकच्या बंद डबीत, तिला पंखा नाही, आणि दोन तास सलग कॉपी चाललेली. ती अडखळली तर त्यात आश्चर्य वाटायला नको.

उपाय फुकट आहे: उन्हाळ्यात मोठा बॅकअप पहाटे घ्या. डिस्क गादीवर, टेबलक्लॉथवर किंवा तिच्या पाऊचमध्ये ठेवून चालवू नका, उघड्या फरशीवर किंवा स्टीलच्या ताटलीवर आडवी ठेवा. चालू असताना उचलू नका. पुढे ज्या प्रोग्रामबद्दल सांगणार आहे, त्यात डिस्कचं आतलं तापमान दिसतं. मी ५० अंश दिसले की कॉपी थांबवतो, डिस्क नीट 'इजेक्ट' करतो आणि अर्धा तास जाऊ देतो. थंड करायला ओलं फडकं किंवा फ्रीज, दोन्ही नकोत. गरम डिस्क थंडीत ठेवून परत बाहेर काढली की तिच्यावर दंव धरतं आणि ओलावा सर्किटवर बसतो.

कूलरच्या झोतातही डिस्क ठेवू नका. हवा थंड लागते हे खरं, पण तिच्यात ओलावा असतो आणि जवळ बसलं तर पाण्याचे बारीक थेंबही येतात. आपल्या विहिरी-बोअरचं पाणी जड. कूलरच्या जाळीवर जो पांढरा थर बसतो, तोच हळूहळू धातूच्या पिनांवरही बसतो. शिवाय कूलर थरथरतो. कूलर ज्या स्टँडवर आहे, त्याच लोखंडी स्टँडच्या खालच्या फळीवर हार्डडिस्क ठेवलेली मी अनेक घरांत पाहिली आहे. फिरत्या चकतीच्या वर केसाहून कमी अंतरावर तिचं वाचणारं टोक तरंगत असतं. त्या डिस्कला ती थरथर दिवसभर देऊ नका.

लाईन, इन्व्हर्टर, अर्थिंग

कॉपी चालू असताना लाईन गेली की डेस्कटॉप बंद होतो आणि डिस्कवरचं लिहिणं अर्धवट राहतं. फाइल कुठे ठेवली याची जी नोंदवही डिस्कवर असते, तीच अपुरी राहिली तर पुढच्या वेळी विंडोज डिस्क ओळखत नाही आणि फॉरमॅट मागतं. डेटा बहुतेक वेळा जागेवरच असतो, नोंद बिघडलेली असते. घरात इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका. लाईन गेल्यावर इन्व्हर्टरवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात बरेच डेस्कटॉप रीस्टार्ट होतात. डेस्कटॉपला छोटा यूपीएस हवा. घरात लॅपटॉप असेल तर बॅकअपचं काम त्याच्यावरच करा, त्याची बॅटरी हाच यूपीएस आहे.

जिथे गावठाणाचा आणि शेतीचा फीडर अजून वेगळा झालेला नाही, तिथे रब्बीत मोटारी सुरू झाल्या की संध्याकाळी व्होल्टेज कोसळतो. तुमची डिस्क नेमकी त्याच वेळी तुटत असेल तर डिस्कला दोष देण्याआधी वेळ बदलून बघा.

आता अर्थिंग. कॅबिनेटच्या मागच्या स्क्रूला हात लावला की झिणझिण्या येतात का? येत असतील तर तुमच्या प्लगला अर्थिंग पोचत नाही. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून पत्र्याच्या बॉडीकडे छोटे कपॅसिटर असतात, विजेतली नको असलेली बारीक गडबड (नॉइज) जमिनीत जावी म्हणून. जमिनीकडे जायची वाटच नसेल तर बॉडीवर साधारण निम्मा व्होल्टेज बसून राहतो. करंट अगदी थोडा असतो, पण अशा कॉम्प्युटरला स्वतःचा अडॅप्टर असलेली मोठी हार्डडिस्क, टीव्ही किंवा प्रिंटर जोडला की हा फरक यूएसबीच्या वायरीतून वाट काढतो. कनेक्शन तुटणं हा त्याचा सौम्य परिणाम. पोर्ट किंवा डिस्कचं सर्किट जळणं हा दुसरा.

आपल्या काळ्या मातीत हे उन्हाळ्यात वाढतं. माती सुकून भेगाळते, अर्थिंगच्या सळईचा मातीशी संपर्क सुटतो. तुम्ही स्वतः एवढंच बघा: प्लगची तिसरी जाडी पिन शाबूत आहे का, आणि मध्ये दोन पिनांचा कन्व्हर्टर तर लावलेला नाही ना. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात अधूनमधून पाणी घाला. त्यानेही झिणझिण्या गेल्या नाहीत तर वायरमनला बोलवा. फेज ते अर्थिंग आणि फेज ते न्यूट्रल, हे दोन आकडे त्याला मीटरवर बघायला सांगा. ते जवळजवळ सारखे यायला हवेत. सॉकेटमध्ये स्वतः टेस्टर खुपसत बसू नका. हे काम हार्डडिस्कपेक्षाही घरातल्या माणसांसाठी महत्त्वाचं आहे.

विंडोजची सेटिंग

वीज वाचवायला विंडोज यूएसबी पोर्ट झोपवतं. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, चालू प्लॅनची अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग्ज, तिथे 'यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड' बंद करा. काही न करता पडून राहिली की डिस्क गायब होते, अशा तक्रारीला हे लागू पडतं.

दिवा लागतो पण डिस्क दिसत नाही, तेव्हा स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा. तिथे काय दिसतं त्यावर पुढचं ठरतं. डिस्क 'हेल्दी' आहे पण तिच्यापुढे ई, एफ असं अक्षर नाही, तर राइट क्लिक करून अक्षर द्या, काम झालं. 'रॉ' लिहिलेलं असेल तर नोंदवही बिघडली आहे, डेटा असू शकतो, काही दाबू नका. 'नॉट इनिशिअलाइज्ड' किंवा 'नो मीडिया' असेल, किंवा १ टीबीच्या डिस्कचा आकार भलताच दिसत असेल, तर बिघाड बहुधा डिस्कच्या आतल्या भागात किंवा सर्किटमध्ये आहे. केबल आणि पोर्ट बदलूनही तेच आलं तर घरचं काम संपलं.

डिस्क स्वतः काय सांगते

इथपर्यंत सगळं बघून झालं असेल तर आता डिस्कची तब्येत. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचा मोफत प्रोग्राम उतरवून घ्या. प्रत्येक हार्डडिस्क स्वतःची एक नोंद ठेवत असते, तिला स्मार्ट म्हणतात, आणि हा प्रोग्राम ती वाचून दाखवतो. फक्त वाचतो, डेटाला हात लावत नाही, म्हणून तो दुरुस्तीच्या आधी येतो.

वरचा निळा 'गुड' बघून प्रोग्राम बंद करू नका. तीन ओळी बघा. ०५ म्हणजे खराब झालेल्या जागा ज्या डिस्कने बाजूला टाकून राखीव जागा वापरली. सी५ म्हणजे वाचायला अडचण येत असलेल्या, निकाल लागायच्या जागा. सी६ म्हणजे वाचता न आलेल्या. शेवटच्या रकान्यात त्यांचा आकडा असतो, तो मुळात सोळाच्या पद्धतीत दाखवला जातो, म्हणजे तिथला '१०' हा आपला १६. 'फंक्शन' मेनूतल्या 'अ‍ॅडव्हान्स्ड फीचर'मधून तो दशमान करून घ्या.

माझा नियम असा आहे. तिन्हींत शून्य असेल तर केबल, पोर्ट, वीज यांच्याकडे परत जा, संशय अजून तिकडेच आहे. ०५ मध्ये थोडा आकडा आहे पण महिनाभर तोच राहिला, तर डिस्क दुय्यम कामाला ठेवा, एकुलती एक प्रत तिच्यावर नको. सी५ मध्ये आकडा आहे आणि आठवड्यात वाढला, तर त्याच दिवशी डेटा उतरवा आणि नवी डिस्क घ्या, त्यात घासाघीस नाही. काही यूएसबी डब्या ही नोंद बाहेर येऊच देत नाहीत. आणि 'गुड' दिसणारी डिस्कही अचानक जाऊ शकते. वाईट बातमी खरी मानायची, चांगल्या बातमीवर विसंबायचं नाही.

एक आणखी जागा फार उपयोगाची आहे, पण तिथे कोणी जात नाही: 'इव्हेंट व्ह्यूअर', त्यात 'विंडोज लॉग्ज', मग 'सिस्टम'. डिस्क तुटली त्या वेळेच्या नोंदी बघा. 'डिस्क'च्या नावापुढे १५७ आकडा असेल तर डिस्क न सांगता निघून गेल्यासारखी तुटली, म्हणजे आधी केबल, पोर्ट, वीज. ७ असेल तर खराब जागा सापडली, म्हणजे डिस्क. १५३ असेल तर वाचायचा-लिहायचा प्रयत्न पुन्हा करावा लागला. हा दोन्हीकडून येऊ शकतो, पण वारंवार येत असेल तर डेटा उतरवायची वेळ झाली. केबल की डिस्क, हा वाद या एका खिडकीत पुष्कळदा मिटतो.

वेग घसरण्याचं काय? बहुतेक नव्या छोट्या हार्डडिस्कमध्ये डेटाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकीवर एक चढवून लिहिलेल्या असतात. सुरुवातीला वेग चांगला, मोठी कॉपी झाली की एकदम मंद. लिहिताना मंद होते, वाचताना ठीक आहे आणि स्मार्टचे आकडे शून्य आहेत, तर तो बिघाड नाही, तिला वेळ द्या. वाचतानाही अडकत असेल तर मात्र खराब जागांचा संशय घ्या.

दुरुस्ती, पण प्रत झाल्यावरच

डिस्कवर राइट क्लिक, 'प्रॉपर्टीज', 'टूल्स', 'चेक'. हे नोंदवही दुरुस्त करतं आणि पुष्कळदा चांगलं काम करतं. पण ते डिस्कवर लिहितं. निरोगी डिस्कची लाईन जाऊन नोंद बिघडली असेल तर योग्य. सी५ वाढत असलेल्या डिस्कवर मात्र हेच तासन्‌तास चालतं, उरलेसुरले दिवस संपवतं, आणि जे सहज वाचता आलं असतं त्याचे तुकडे करून ठेवतं. म्हणून डेटा बाहेर निघाला नसेल तर हे बटण तुमच्यासाठी नाही.

इथे थांबा

पुढचं काही घडलं तर घरचे प्रयोग बंद करा.

डिस्क पडली आहे. मग ती लावूनही बघू नका. आतलं टोक चकतीला घासत असेल तर प्रत्येक वेळी सुरू करताना तो थर खरवडला जातो, आणि थरासोबत डेटा.

न पडता टक-टक येते आहे. आखूड केबल आणि मागचा पोर्ट, एवढा एकच प्रयत्न करा. आवाज तसाच राहिला तर काढून ठेवा.

पाण्यात भिजली आहे. सुकवायला उन्हात किंवा तांदळात ठेवू नका, चालूही करू नका.

जळका वास आला, किंवा 'नो मीडिया' येतं आहे.

आणि प्लास्टिकची डबी उघडून आतली डिस्क दुसऱ्या डबीत लावायच्या फंदात पडू नका. बऱ्याच पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबीचा सॉकेट थेट आतल्या सर्किटवरच असतो, आणि काहींत डेटा त्या सर्किटच्या चावीने कुलूपबंद केलेला असतो. वॉरंटी जाते, हाती काही लागत नाही.

डेटा काढून देणाऱ्याकडे जाल तेव्हा, तालुक्यात असो वा नागपूर-पुण्याला, तीन गोष्टी विचारा. आधी पूर्ण डिस्कची नक्कल करून त्या नक्कलेवरच काम करणार का? डिस्क उघडायची वेळ आली तर धूळमुक्त खोली आहे का? तपासणीनंतर खर्च लेखी सांगणार का, आणि डेटा निघाला नाही तर किती घेणार? पहिल्या प्रश्नाला जो गडबडतो, त्याच्याकडे डिस्क ठेवू नका. दुकानाच्या टेबलावर पंख्याखाली डिस्कचं झाकण उघडणाऱ्यापासून तर ती लगेच परत घ्या. खर्च मोठा असतो, हजारांत जातो. निघणारा डेटा तेवढ्या मोलाचा आहे का, हे घरच्यांनी बसून ठरवावं. वॉरंटीत बहुधा डिस्क बदलून मिळते, डेटा नाही. काही डिस्कसोबत डेटा काढून देण्याची सेवाही असते, म्हणून बॉक्सवरचा मजकूर आणि बिल जपून ठेवा.

नवी घेताना

घरात आज जेवढा डेटा आहे त्याच्या दुप्पट जागा घ्या. १ टीबीच्या डिस्कवर विंडोज ९३१ जीबी दाखवतं, २ टीबीवर १.८१ टीबी. यात फसवणूक नाही, कंपनी हजाराच्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

आपल्या भागात मी छोटी, अडीच इंची, यूएसबीवरच चालणारी डिस्क सुचवतो. मोठ्या साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्टचा वेगळा अडॅप्टर लागतो, म्हणजे लाईन, इन्व्हर्टर आणि अर्थिंगचं सगळं दुखणं पुन्हा मागे लागतं. डिस्ककडच्या बाजूला टाइप-सी असलेली मिळाली तर ती घ्या, ती जोडणी मायक्रो-बीपेक्षा टिकते आणि केबलही सहज मिळते.

एसएसडी घ्यावी का? तिच्यात फिरणारा भाग नाही, पडली तरी बहुधा वाचते, आणि काही पोर्टेबल एसएसडी ६० अंशांपर्यंत चालतील अशा बनवलेल्या असतात. रोज बसमधून ने-आण करणाऱ्याने, फोटो काढणाऱ्याने तीच घ्यावी. पण जाताना ती टक-टक करून सूचना देत नाही, आणि डेटा काढणं हार्डडिस्कपेक्षा अवघड जातं. दुसरी गोष्ट: तिच्यात डेटा विजेच्या भाराच्या रूपात साठवलेला असतो. खूप वापरून झिजलेली एसएसडी वीज न देता गरम कपाटात वर्षभर पडली तर तो भार उतरू शकतो. म्हणून लोखंडी कपाटात ठेवून द्यायच्या प्रतीसाठी माझी पसंती साध्या हार्डडिस्कलाच आहे. पैसे दोन डिस्कपुरते असतील तर एक मोठी भारी डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या घ्या.

हार्डडिस्क बनवणाऱ्या कंपन्या जगात आता तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. डबीवर दुसरं नाव असलं तरी आतली हार्डडिस्क या तिघांपैकीच कोणाची तरी असते. मोबाईलवर जाहिरात दिसते ती दोन हजारांतली '१६ टीबी एसएसडी' मात्र खोटी असते. तिच्या आत छोटं मेमरी कार्ड असतं, ते भरलं की जुन्यावरच नवं लिहिलं जातं, आणि फाइलींची नावं दिसत राहतात, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही.

घरी आणल्यावर परत करायची मुदत संपण्याआधी दोन तपासण्या करा. क्रिस्टलडिस्कइन्फोमध्ये 'पॉवर ऑन अवर्स' बघा. नव्या डिस्कचे तास शून्याच्या आसपास हवेत. शेकड्यांत असतील तर ती वापरलेली आहे. मग एचटूटेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्राम रिकाम्या डिस्कवर चालवा. तो डिस्क काठोकाठ भरतो आणि परत वाचून ताडून बघतो. मोठ्या डिस्कला अख्खा दिवस लागतो, पण खोटी क्षमता आणि कच्ची डिस्क दोन्ही उघडी पडतात.

घरात फक्त विंडोज असेल तर एनटीएफएस फॉरमॅट ठेवा, मॅकलाही लावायची असेल तर एक्सफॅट. एफएटी३२ नको, त्यात ४ जीबीच्या पुढची फाइल बसत नाही आणि लग्नाचे व्हिडिओ तिथेच अडकतात.

जुन्या डिस्कवरून नवीवर नेताना 'कॉपी'च करा, 'कट' नाही. नंतर वेगवेगळ्या फोल्डरमधल्या फाइली खरोखर उघडून बघा, विशेषतः जुन्या आणि मोठ्या. यादी दिसली म्हणजे आतला डेटा आला असं नसतं.

दोन डिस्क असतील तर एक घरी आणि दुसरी अमरावतीच्या बहिणीकडे किंवा वर्ध्याच्या मुलाकडे ठेवा, आणि पोळ्याला, होळीला येणं-जाणं होतं तेव्हा बदला. चोरी, आग, गळकं छप्पर, यांत एका घरातल्या दोन्ही प्रती एकदम जातात. घरची डिस्कही बॅकअप झाला की काढून ठेवा, कायम जोडलेली नको. मृगाच्या आधी ढग गडगडायला लागले आणि जवळ वीज पडली, तर कॉम्प्युटरसोबत त्याला जोडलेली डिस्कही जाते. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे व्हायरसही जोडलेल्या डिस्कवर तेच करतात. ठेवायला घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आणि आत ओलावा शोषणाऱ्या दोन पुड्या. पावसाळ्यात एवढं पुरतं.

जुनी डिस्क लगेच भंगारात देऊ नका. ती चालत असेल आणि आकडे फार वाईट नसतील तर वर्षभर तिसरी प्रत म्हणून राहू द्या, तारीख लिहून. टाकायचीच झाली तर आधी पूर्ण फॉरमॅट करा, 'क्विक'ची खूण काढून, म्हणजे सगळ्या जागेवर शून्यं लिहिली जातात. चालतच नसेल तर कव्हर काढून चकतीच्या आरपार ड्रिलने दोन-तीन भोकं पाडा. काही चकत्या काचेच्या असतात, डोळ्यांवर चष्मा असू द्या. मग ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तिच्यावर तुमच्या आधारची, पासबुकाची आणि घरच्यांच्या सह्यांची स्कॅन आहेत.